कलम ५७ विसरा, कागद मागा

शेतात डीपी किंवा विजेचा पोल असेल तर वीजकंपनी महिन्याला दोन ते पाच हजार रुपये भाडं देते, असा निरोप गेली काही वर्षं गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरतो आहे. त्याला २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५७ चिकटवलेलं असतं. हे साफ खोटं आहे. कलम ५७ जमिनीबद्दल बोलतच नाही. वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेल्या सेवेच्या दर्जात कंपनी कमी पडली, तर ज्याला त्रास झाला त्याला भरपाई मिळावी, एवढंच ते सांगतं. पोलाच्या भाड्याचा त्यात शब्दही नाही.

या अफवेचा मला राग येतो, कारण तिने खऱ्या हक्काची वाट लावली. ५७ चा कागद घेऊन कार्यालयात गेलेला माणूस हात हलवत परत येतो आणि आपल्याला कसलाच हक्क नाही असं धरून बसतो. हक्क आहे. फक्त तो दुसऱ्या कलमांत आहे, आणि ती कलमं कोणी कोणाला पाठवत नाही.

तुमच्या जमिनीत शिरायला कंपनीला कायद्याने दोन वाटा आहेत. पहिली वाट कलम ६७ ची. त्याखाली केंद्राने २००६ साली नियम केले. ज्या जमिनीत आधी कायदेशीर लाईन नाही, तिथे नवी टाकायची तर मालकाची किंवा वहिवाटदाराची आधी संमती घ्यायची. त्याने हरकत घेतली, तर जिल्हाधिकाऱ्याची किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणायची. ती देताना त्या अधिकाऱ्याने मालकाचं म्हणणं ऐकून भरपाई, वार्षिक भाडं किंवा दोन्ही ठरवून द्यायचं. भाडं कायद्यात आहे, ते इथे. व्हॉट्सअॅपवरच्या ठोक आकड्यात नाही.

दुसरी वाट कलम १६४ ची. शासन आदेश काढून कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. बीएसएनएलची तारसेवा २०१३ साली बंद झाली, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुना तार कायदाही मोडीत काढला, पण वीजवाहिन्यांसाठी त्यातला तिसरा भाग जिवंत ठेवला. या वाटेने आलेल्या कंपनीला मालकाची संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. मात्र त्याच तार कायद्याचं दहावं कलम कंपनीलाही बांधतं. जमिनीवर तिला वापरापलीकडे कुठलाही हक्क मिळत नाही, नुकसान कमीत कमी करायचं, आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई हितसंबंध असलेल्या सगळ्यांना द्यायची.

दोन्ही वाटांचा शेवट पैशापाशी होतो, हे ध्यानात ठेवा. संमती लागो न लागो, भरपाई चुकत नाही.

आता आपल्या वाडीत काय होतं ते पाहू. ठेकेदाराची माणसं टेम्पोतून पोल घेऊन येतात. घरात म्हातारी असते, मुलगे मुंबईला. कोणी हटकलं की उत्तर तयार असतं: "लाईट होयी मां तुमका? मगे पोल खंय घालतले?" संध्याकाळपर्यंत पोल उभा. कुठल्या कलमाखाली, कोणाच्या आदेशाने, याचा कागद नाही. कलम ६७ सांगावं तर संमती नाही, १६४ सांगावं तर भरपाईचा पंचनामा नाही. ही तिसरी वाट कायद्यात नाही. ती चालते, कारण आपण विचारत नाही.

मालवणात हे जास्त बोचतं, कारण इथली जमीन गुंठ्यांत मोजायची. सातबारावर आजोबांच्या पिढीपासूनची नावं, पोटहिस्से झालेले नाहीत, निम्मे सहहिस्सेदार गणपतीलाच गावात दिसतात. घरी सापडेल त्या एकाची सही घेऊन काम उरकणं सोपं असतं. कायदा भरपाईच्या वेळी मात्र हितसंबंध असलेल्या सगळ्यांना धरतो. म्हणून चाकरमान्यांनो, गावच्या भावाने कोणत्या कागदावर सही केली, हे फोनवर तरी विचारत जा. आणि गाववाल्यांनो, सामाईक जमिनीची संमती एकट्याने देऊ नका.

"पोलाला जागा ती किती लागते?" हा प्रश्न चुकीचा आहे. पोल हातभर जागा घेतो, तार अख्खा तुकडा घेते. सुरक्षा नियमांप्रमाणे ११ केव्हीची उघडी तार इमारतीपासून आडव्या अंतरात किमान १.२ मीटर आणि उंचीत किमान ३.७ मीटर दूर असावी लागते. तारकर्ली-देवबागच्या अरुंद पट्ट्यात, जिथे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, तिथे दहा-बारा गुंठ्यांच्या मधून अशी तार गेली की दोन खोल्यांच्या होमस्टेचं स्वप्न तिथेच थांबतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केरळ वीज मंडळ विरुद्ध लिविशा या खटल्यात हेच पाहायला सांगितलं: जमीन कुठे आहे, तार तिच्या कडेने जाते की मधोमध, ती लहानशा तुकड्यावरून जाते का, जमिनीचं मोल किती. जमीन ज्या कामासाठी आहे त्या कामाला ती वापरण्याचा हक्कच मालक गमावू शकतो, हेही न्यायालयाने मान्य केलं. केरळच्या बागायतीचा हा निकाल मालवणच्या बागायतीला शब्दश: लागू पडतो.

झाडांचं तसंच. वीज कायद्याचं कलम ६८ सांगतं की तारेआधीपासून उभं असलेलं झाड तोडलं तर वाजवी भरपाई द्यावी लागते. माड तोडला की पुढची कितीतरी वर्षं येणारे नारळ गेले. हापूसच्या कलमाची नुसती फांदी छाटली तरी मोहोराची जागा गेली. तोडण्याआधी फोटो काढा, झाडांची नोंद सातबाराच्या पीकपाहणीत आहे का ते बघा, पंचनाम्यात झाडाचं वय आणि उत्पन्न लिहून घ्या. आणि फाल्गुन-चैत्रात सड्यावरचं गवत वाळलेलं असताना लोंबत्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडते, आंबा-काजूच्या बागा जळतात. हे सिंधुदुर्गात नवं नाही. तेव्हा तलाठ्याच्या पंचनाम्यावर थांबू नका, विद्युत निरीक्षकाचा अहवाल मागा. आगीचं कारण तारेत होतं हे सांगणारा कागद तोच.

पैशाचा हिशेब कसा होतो, तेही लहान मालकाच्या बाजूचं नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के असं सूत्र दिलं. जून २०२४ मध्ये ते वाढवून टॉवरखाली २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के केलं. पण हे सारं ६६ केव्ही आणि त्यावरच्या पारेषण वाहिन्यांना. वाडीत येणारी ११ केव्हीची लाईन आणि घरापर्यंतची साधी तार या तक्त्यात बसत नाही. मोठ्या टॉवरवाल्याला आकडा आहे, पोलवाल्याला नाही. तक्ता नाही म्हणजे भरपाई नाही, असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. भरपाई कायद्यात आहे, फक्त ती मागून ठरवून घ्यावी लागते. संमती न देता काम झालं तर जिल्हाधिकाऱ्याकडे. तार कायद्याच्या वाटेने झालं आणि रक्कम अपुरी वाटली तर कलम १६ खाली जिल्हा न्यायाधीशाकडे. दोन्ही कार्यालयं ओरोसलाच आहेत. मुदत विसरू नका: अशा अर्जाला तीन वर्षांची मर्यादा लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवलं आहे. चार वर्षांनी आठवण झाली तर हक्क असूनही हात रिकामे.

दुसऱ्या बाजूलाही चार खडे बोल. लाईन अडवणं म्हणजे हक्क बजावणं नव्हे. भावाच्या पंपाला वीज मिळू नये म्हणून गडग्यावर उभं राहून पोल अडवणारे गावोगाव आहेत. कायदा तुम्हाला नकाराधिकार देत नाही, अटी घालण्याचा हक्क देतो. तार कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याचा आदेश आल्यावर अडवलं तर तो गुन्हा ठरतो. लाईन बांधावरून न्या, कलमांच्या ओळीमधून नको, एवढं म्हणणं लेखी द्या. पुढे घर बांधायचं झालं आणि तार आड आली, तर तार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती हलवायला सांगता येते. आधी भरपाई घेतली असेल तर हलवण्याचा खर्च किंवा मिळालेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांत जी कमी ती भरावी लागते.

भाऊबंदकीला खतपाणी घालणारी पद्धतही थांबायला हवी. नव्या जोडणीसाठी अर्ज करणाऱ्यालाच 'वाटेतल्या जमीनमालकांची संमती तुम्हीच आणा' असं सांगितलं जातं. संमती मिळवायची जबाबदारी नियमांनी परवानाधारकावर, म्हणजे कंपनीवर, टाकली आहे. ती गरीब अर्जदाराच्या डोक्यावर ढकलायची, शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या दारात उभं करायचं आणि मग 'जागेचा वाद' म्हणून अर्ज पडून राहू द्यायचा, हा अन्याय आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरचे पोल आडवे केले, कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. तेव्हा वायरमननी जीव धोक्यात घालून वीज आणली, त्याबद्दल त्यांचे उपकारच. पण घाईत पोल जुन्या खड्ड्याऐवजी नव्या जागी उभा राहिला असेल, तर ती नवी लाईन आहे, आणि तिला नव्याने संमती किंवा आदेश हवा. उद्या वादळाच्या भीतीने तारा जमिनीखाली गेल्या तरी हे बदलत नाही. २००६ चे नियम जमिनीवरच्या, वरून जाणाऱ्या आणि खालून जाणाऱ्या अशा तिन्ही वाहिन्यांना लागू आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. खड्डा खणण्याआधी कंपनीने मालकाच्या हातात मराठीतलं एक पान द्यावं: काम कोणत्या कलमाखाली, लाईन कुठून जाणार त्याचा नकाशा, झाडांची यादी, भरपाई कोण आणि कधी ठरवणार. जिल्हाधिकारी कार्यालयाने हे पान प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. ते मिळेपर्यंत मालकाने भांडू नये, सहीही करू नये. पोहोच घेऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्यात एकच प्रश्न विचारावा: ६७ की १६४? याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला खड्डा खणायचा अधिकार नाही.