जिटरमाहात्म्य

वडोदऱ्याच्या निजामपुऱ्यातील ज्या मराठी गृहस्थांचे चिरंजीव सातासमुद्रापलीकडे स्थायिक झाले आहेत, त्यांच्या घरी संध्याकाळी एकच तक्रार ऐकू येते : "नेट गेलं!" वस्तुतः इंटरनेटवरून बोलताना आवाजाचे साधारणतः वीस सहस्रांश सेकंदांचे तुकडे पाकिटांत घालून रवाना होतात, ती उशिरा पोहोचली तर 'लेटन्सी', कमीअधिक अंतराने पोहोचली तर 'जिटर', आणि वाटेतच गहाळ झाली तर 'पॅकेट लॉस', इतका हा सरळ हिशेब आहे. परंतु तक्रारनिवारणास आलेला तरुण हेच शब्द अशा धीरगंभीर मुद्रेने उच्चारतो, की घरातील वडीलधारे रोग असाध्य समजून, वेग वाढविल्याने जिटर हटतोच असे नाही हे न जाणता, मुकाट्याने महागडा प्लॅन पत्करतात. ज्या संस्थानाने १९३१ साली राज्यकारभाराच्या परिभाषेचा आठ भाषांतील 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सिद्ध केला, त्याच्या राजधानीला ही शरणागती शोभत नाही. भारतात इंटरनेट टेलिफोनीस १ एप्रिल २००२ रोजी परवानगी मिळाली; इतक्या वर्षांनंतर तरी, खिशात हात घालण्यापूर्वी, वाचकांनी एवढेच विचारावे : पाकीट उशिरा आले, की आलेच नाही?