केंटमधलं सत्तांतर

मेडस्टन, इंग्लंड
१० मे २०२५

ती. आई-बाबा,

१ मेला, ऐन महाराष्ट्रदिनी, इथल्या केंट काउंटी कौन्सिलची निवडणूक झाली. आपली जिल्हा परिषदच समजा. १९९७ पासून इथे हुजूर पक्षाची अखंड सत्ता. मागच्या वेळी ८१ पैकी ६२ जागा होत्या, आता उरल्या ५! आणि ज्या रिफॉर्म यूके पक्षाचं तेव्हा खातंसुद्धा उघडलं नव्हतं, त्याचे एकदम ५७ आले. बाबा, एवढी उलथापालथ झाली, पण कोणी रातोरात विमानात बसलं नाही की कोणाला गुवाहाटीच्या हॉटेलात ठेवावं लागलं नाही. झाडी, डोंगर केंटमध्येही आहेत, पण सगळे वाया गेले.

आम्हीही मत दिलं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे रीतसर राहत असले, तर त्यांना मताचा हक्क असतो आणि ओळखपत्र म्हणून आपला भारतीय पासपोर्ट चालतो. म्हणजे परदेशी माणसं कमी करा म्हणणाऱ्या रिफॉर्मचं काय करायचं, हे आम्ही परदेशी पासपोर्ट दाखवून ठरवलं! यंत्र नाही, बोटाला शाई नाही; पेन्सिल घ्यायची आणि कागदावर फुली मारायची. ह्यांना काळजी, "कोणी खोडलं तर?" मतदान केंद्रावरच्या बाई नुसत्या हसल्या.

प्रचारात सगळी चर्चा बोटींची. फ्रान्सहून इंग्लिश खाडी ओलांडून लहान बोटींतून माणसं येतात, त्यांना डोव्हरला उतरवतात. लोक त्यावर चिडलेत. पण बोटींचा बंदोबस्त लंडनच्या सरकारकडे. काउंटीकडे रस्ते, शाळा, वाचनालयं आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल. त्या देखभालीतच बराचसा पैसा संपतो. कचऱ्याची तर वेगळीच गंमत. दारातून उचलायचा गावच्या बरो कौन्सिलने, विल्हेवाट लावायची काउंटीने.

शेजारच्या आजोबांनी बोटींवरच्या रागाने मत दिलं आणि निकाल लागल्यावर फाटकासमोरचा खड्डा कधी बुजवणार म्हणून विचारायला लागले. माणूस मोठा प्रेमळ. मला मुद्दाम थांबवून म्हणाले, "ते तुमच्याबद्दल नव्हतं हं!" मी म्हटलं, "खड्ड्याबद्दल होतं का?" तर विचारात पडले.

तुमच्याकडे २०२२ पासून जिल्हा परिषदेवर प्रशासक बसलेत. आता सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितल्याचं वाचलं. बाबा, उमेदवार दारात आले की चहा जरूर द्या, पण त्यांना दिल्ली-मुंबईच्या गप्पांत रमू देऊ नका. आधी ओढ्यावरच्या पुलाचं विचारा. पूल जिल्हा परिषदेच्या हातात आहे, दिल्ली नाही.

तुमची,
धाकटी