मोडीत निघतं ते फक्त सोनं

रायपूरच्या सदर बाजाराइतकी निष्ठुर गल्ली छत्तीसगढात दुसरी नसावी. दोन्ही हातांना सराफांची दुकानं, आणि प्रत्येक दुकानात कुणाची तरी आजी मोडीत निघत असते. सासूबाईंच्या पाटल्या, आत्याची वज्रटीक, धाकट्याची मुंजीतली अंगठी. कसोटीवर रेघ, काट्यावर वजन, घट वजा, की तीन पिढ्यांचा हिशेब पुरा. डोळ्यांत पाणी आलंच तर ते घडणावळ बुडाल्याचं.

आता हे सोनं मोडणाऱ्या बाईला घरी जाऊन साड्यांची आलमारी रिकामी करायला सांगा.

ही हिरवी डोहाळजेवणाची. ती पंडरीच्या कपडा मार्केटात तासभर घासाघीस करून घेतलेली. आणि हा चांपाचा कोसा, पहिल्याच पंगतीत त्याच्यावर आमटी सांडली, म्हणून पुन्हा नेसला नाही. आणि नेसला नाही म्हणून तो अजून ‘नवा’ आहे! नवऱ्यांनी हसू नये. त्यांच्या कप्प्यात लग्नातला सूट आहे. पोट आत गेलं की तो बाहेर यायचा आहे.

जपानच्या मारी कोंडोबाईंनी उपाय सांगितला होता: कपडा हातात घ्या, आनंद झाला तर ठेवा, नाहीतर निरोप द्या. बाईंना आपल्याकडचा आहेर ठाऊक नसावा. ज्या साडीनं आनंद होत नाही ती आपण मुळात ठेवतच नाही, घडी न मोडता पुढच्या लग्नात देतो. आलमारीत उरतात त्या सगळ्या आनंदाच्या. पुढे तिसऱ्या मुलानंतर आपल्यालाही आवराआवर जमेनाशी झाल्याचं बाईंनी 2023 मध्ये सांगून टाकलं, तेव्हा रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या बायकांना त्या प्रथमच घरच्या वाटल्या असतील.

आपल्याकडे कपडा निवृत्त होत नाही, त्याची बदली होते. बाहेरचा घरात, घरातला गोधडीत, गोधडीतून उरला तो पोछ्याला. पण हा मार्ग सुती कपड्याचा. जॉर्जेट पाणी टिपत नाही आणि गोधडीत शिरलं तर निसटतं. त्याला ना बढती, ना बदली. ते जन्मभर हँगरवर.

सदर बाजाराला कळते अशी एकच साडी, जुन्या खऱ्या जरीची. रेशमी धाग्यावर चांदीची तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. काठ जाळले की चांदी हाती येते. अशा साड्या विकत घेणारे दारावर फिरतात आणि आईच्या शालूची किंमत ग्रॅममध्ये सांगतात. पण बहुतेक घरांत काठ पारखले की जर निघते तांब्याची नाहीतर प्लास्टिकच्या पत्तीची. सोनं खोटं निघालं तर घर आठवडाभर जेवत नाही. जर खोटी निघाली की घरधनीण सुटकेचा श्वास टाकून शालू परत घडी घालते.

राहिली बर्तनवाली, पुण्यामुंबईची बोहारीण. चार पॅन्ट, दोन साड्या घेऊन ती एक स्टीलचा डबा पुढे करते. मग घासाघीस, मग झाकण घट्ट बसत नसल्याची तक्रार, आणि शेवटी घरधनिणीला डबाही हवा, साड्याही हव्यात. बर्तनवाली मात्र काठ चिमटीत धरून क्षणात निकाल देते. या शहरात जुन्या साडीकडे कोरड्या डोळ्यांनी पाहणारी ती एकटीच.

सोन्याला निदान सरकारनं मर्यादा घातली. 1994 च्या प्राप्तिकर परिपत्रकानुसार धाडीत विवाहितेचे 500 ग्रॅमपर्यंतचे, अविवाहितेचे 250 आणि पुरुषाचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. तेव्हा अर्थ मंत्रालयाला नम्र विनंती: साड्यांचंही एक परिपत्रक काढा. विवाहितेला शंभर, अविवाहितेला पन्नास. पुरुषाला एक सूट, तोही बटण लागत असेल तरच. आणि धाडीला अधिकारी म्हणून बर्तनवाल्यांनाच पाठवा. सरकारी माणसाला आमच्या बायका वरचा कप्पा उघडू देणार नाहीत.