पानभर रिपोर्ट

जून 2000 मध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्या पिंपरी-चिंचवडचे. त्यांच्यावर तेव्हा बरीच टीका झाली. कामगाराच्या पोरालाही इंग्रजी मिळालं पाहिजे, हा विचार मला मात्र तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

त्या जूनमध्ये पहिलीत बसलेली मुलं आता तिशीपलीकडे गेली. चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत त्यांतली कितीतरी इंजिनिअर, सुपरवायझर म्हणून कामाला आहेत. इतकी वर्षं इंग्रजी शिकल्यावर कस्टमर कम्प्लेंटला उत्तर काय जातं? 'ऑपरेटर मिस्टेक. ट्रेनिंग गिव्हन.' तक्रारीच्या उत्तरात पाठवायच्या एट-डी रिपोर्टमधला मूळ कारणाचा रकाना एवढ्यावर भरून टाकायचा. पार्ट कुठला, नग किती, शिफ्ट कोणती, गेज शेवटचा कधी तपासला होता, यातलं काहीच नाही. पलीकडे जर्मनीत बसलेला माणूस व्याकरणाच्या चुका काढत नसतो. पुढचा लॉट नीट येणार का, एवढंच त्याला हवं असतं, आणि नेमकं तेच या चार शब्दांत सापडत नाही. दोष तेवढा मशिनवर उभ्या असलेल्या कंत्राटी पोराच्या नावावर चढतो. वाईट रिपोर्टची किंमत शेवटी कुणीतरी गरीब माणूस भरतो, म्हणून मला याचा राग येतो.

आई-बाप यावर स्पोकन इंग्लिशच्या क्लासचे पैसे भरतात. दुखणं तिथे नाहीच. बहुतेक मुलांनी कॉलेज संपेपर्यंत स्वतःचं असं एक पान लिहिलेलं नसतं. शाळेत गाइडमधलं उत्तर, फळ्यावरून उतरवलेला निबंध. डिप्लोमाला सीनियरची असाइनमेंट. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचं सोनेरी अक्षरांचं जाडजूड ब्लॅक बुक, ज्यातला मजकूर कुठून आला हे प्रोजेक्ट गाइडलाही ठाऊक असतं. आता तर एआय मिनिटभरात सगळं लिहून देतं. प्रेझेंटेशनला मुलगी पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचते, परीक्षकाने एक साधा प्रश्न विचारला की थांबते. तिला इंग्रजी येत नाही असं आपण म्हणतो. तोच प्रश्न मराठीत विचारून बघा, तेव्हाही ती थांबेल.

याच पट्ट्यात याचा इलाज चाळीस वर्षं डोळ्यांसमोर आहे. क्वालिटी सर्कल जपानात 1962 मध्ये सुरू झाली, 1980 च्या सुमारास 'भेल'मार्गे भारतात आली आणि आपल्याकडच्या कारखान्यांत रुजली. मशिनवरची पाच-सात माणसं आपल्याच लाइनवरचा एखादा प्रॉब्लेम घेतात, आकडे गोळा करतात, फिशबोन काढतात, 'व्हाय-व्हाय' करत मुळाशी जातात आणि स्पर्धेत स्टेजवर उभं राहून केस स्टडी मांडतात. कुणी दहावी, कुणी आयटीआय. भाषा मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ. ज्यूरीने खोदून विचारलं तरी ही माणसं डगमगत नाहीत, कारण रिजेक्शन त्यांनी स्वतः मोजलेलं असतं.

कॉलेजांनी हेच करावं. आठवड्याला एक पान, विषय स्वतः पाहिलेला: वर्कशॉपमधलं लेथ का थांबलं, तळवडे चौकात बस का अडकते, मेसमध्ये अन्न किती वाया जातं. आधी मराठीत लिहू द्या. विचार जागेवर आला की मग इंग्रजीत. 'खूप', 'वारंवार', 'काही कारणांमुळे' असे शब्द दिसले की खाली रेघ मारा आणि आकडा मागा. पान परत द्या, पुन्हा लिहून घ्या. लिहिणं शिकतात ते या दुसऱ्या खेपेला. मग स्लाइडशिवाय पाच मिनिटं बोलणं आणि पाच मिनिटं प्रश्न. साठ मुलांचा वर्ग एका शिक्षकाला झेपत नाही, हे खरं आहे. इंग्रजी घेऊन बीए करणाऱ्या मुलांना हाताशी घ्या. त्यांनी पॉलिटेक्निकच्या मुलांची पानं तपासावीत, त्यांना प्रश्न विचारावेत. शेक्सपिअर वाचून तयार झालेली नजर तिथे कामाला येईल आणि एसओपी, मॅन्युअल कसं लिहितात ते त्यांनाही कळेल. यात पगाराची नोकरी आहे, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

कारखान्यांतल्या क्वालिटीवाल्यांना एक विनंती. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि कॉलेजं चालू असतात. महिन्यातला एक गुरुवार काढा. घराजवळच्या कॉलेजात जाऊन तासभर बसा, चार मुलांचं ऐका, आणि ऑडिटला विचारता तसे प्रश्न त्यांना विचारा.