दुरियान घेतला आणि पायी निघालो

सिंगापूर

तीर्थरूप अण्णा व सौ. आईस,


परवा फोनवर अण्णा म्हणाले, "लेकराबाळांची माणसं तुम्ही, रात्री-बेरात्री रस्त्यानं काऊन हिंडता?" उत्तर मुद्दाम लिहून पाठवतोय. फोनवर आई मधेच "जेवलास का?" विचारते आणि मुद्दा राहून जातो. या वेळी मुद्दाच जेवणाचा आहे.

पोरं शेजारच्या तमिळ आजींकडे झोपवली आणि आम्ही दोघं, एक नांदेडकर अन् कोल्हापूरचं एक जोडपं असे लिटल इंडियातून निघालो. नांदेडकर शुद्ध शाकाहारी, म्हणून आधी सेरंगून रोडवरचं कोमला विलास. हे हॉटेल 1947 चं. म्हणजे आपली पाथरी अजून निजामाच्या राज्यात होती, तेव्हापासून इथं डोसे निघताहेत. तिथून सुलतान मशिदीजवळ नॉर्थ ब्रिज रोडला झमझम, ते तर 1908 पासूनचं. तिथं मुर्तबाक खाल्ला. खिमा भरून चौकोनी घडी घातलेला पराठा, सोबत वाटीत रस्सा. कोल्हापूरकरानं रस्सा चाखला, "तांबडा नाही, पांढरा नाही, मग हा कोण?" असं म्हणाला आणि वाटी पुसून खाल्ली.

मग बुगीसजवळचं हॉकर सेंटर. पूर्वी इथले गाडेवाले रस्त्यावरच शिजवत. सरकारनं त्यांना परवाने दिले, आणि 1970 च्या दशकापासून नळ, मोरी, छप्पर असलेल्या जागांत नेऊन बसवलं. गर्दी एवढी की उभं राहायची सोय नाही, पण टेबलावर कागदी रुमालांचं एक पुडकं ठेवलं की टेबल तुमचं. कुणी हात लावत नाही. परभणी स्टँडवर यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसाला इथं नवीन काही शिकावं लागत नाही. एवढंच की इथं रुमाल टाकल्यावर भांडण होत नाही.

खाऊन झालं की ताट स्वतः उचलून ठेवायचं. 2021 पासून हा कायदा आहे. पुन्हा पुन्हा चुकलात तर दंड. आई, जे तुला वीस वर्षांत जमलं नाही ते इथल्या सरकारनं करून दाखवलं. तुमच्या सूनबाईंचं म्हणणं, हा कायदा घरालाही लावा.

तिथला चिकन राईस मागवला. तो मूळ कुणाचा, यावर मोठा वाद आहे. पदार्थ आला चीनच्या हैनान बेटावरच्या माणसांबरोबर, पण 2009 साली मलेशियाच्या पर्यटनमंत्री तो आपलाच असल्याचं म्हणाल्या. पुढे सिंगापूरनं हॉकर संस्कृती युनेस्कोकडे नेली तेव्हा मलेशियातले काही स्वयंपाकी भडकले. युनेस्कोनं डिसेंबर 2020 मध्ये तिची नोंद केलीच. त्याच वर्षी जानेवारीत साईबाबांच्या जन्मस्थानाच्या नावानं पाथरीला शंभर कोटींची घोषणा झाली होती आणि त्यावरून शिर्डी बंद होती, आठवतं? असल्या वादातला अनुभव आपल्याकडे भरपूर. मी एका शब्दानं कुणाची बाजू न घेता ताटली रिकामी केली.

आता पायपिटीचं खरं कारण. नांदेडकरानं हौसेनं दुरियान घेतला. फळ दिसायला काटेरी, आतून खव्यासारखं मऊ, वास मात्र असा की इथल्या मेट्रोत त्याला सक्त मनाई. तशी पाटीच लावलेली असते. अर्धा खाल्ला, अर्धा डब्यात. एक टॅक्सी थांबली, काच खाली झाली, काच वर गेली, टॅक्सी गेली. फेकून द्यायला नांदेडकर तयार नाही, पैसे मोजलेत म्हणे! तेव्हा पायीच.

नदीकाठी क्लार्क कीला गाणी, दिवे, गर्दी. अण्णा, तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. 2015 च्या कायद्यानं रात्री साडेदहानंतर उघड्यावर दारू प्यायला बंदी आहे, आणि हॉटेलातले दर बघून उरलेली इच्छाही जाते. आम्ही डबा तिथंच कठड्यावर बसून संपवला. आजूबाजूची जागा आपोआप मोकळी झाली.

शेवटी लाऊ पा सात. 1894 ची अष्टकोनी बाजार-इमारत, तिचं ओतीव लोखंड थेट ग्लासगोहून आलेलं. संध्याकाळी शेजारचा रस्ता वाहनांना बंद करतात आणि तिथं निखाऱ्यावर साते भाजतात, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे. सोबत शेंगदाण्याची चटणी, तीही गोड! मराठवाड्याच्या माणसानं हे निमूट सोसलं, याची घरात कुठंतरी नोंद ठेवा.

तेव्हा बारा वाजले होते. पण इथलं घड्याळ अडीच तास पुढं, म्हणजे पाथरीत साडेनऊच. तुमच्या हिशेबानं मी वेळेवरच जेवलो.

डिसेंबरात या. आईला पायात बूट घालायची सवय आत्तापासून करू द्या. काका सोबत येणार असतील तर तंबाखूची पुडी पाथरीतच ठेवायला सांगा, इथं ती आणायलाच बंदी आहे. शेंगदाण्याची चटणी मात्र आणा, तिखट.

तुमचा,
बाळू