47 नंबर, भारतीय तिखट

बर्लिनच्या भारतीय हॉटेलांत वेटर हमखास विचारतो: तिखट जर्मन हवं की भारतीय? कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचं म्हणजे पैलवानाला जिना चढता येतो का विचारण्यासारखं. मी मान किंचित तिरकी करून "भारतीय" म्हणतो आणि शेजारच्या टेबलावरच्या जर्मनांनी ते ऐकलं ना, याची खात्री करून घेतो. मग 47 नंबर येतो. इथे मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाला नंबर असतो आणि पुष्कळ लोक नंबरानेच मागवतात. आंबा आणि क्रीमच्या पिवळ्याधमक रश्शात पनीर डुंबत असतं, आणि वर माझ्या कोल्हापूरपणाचा मान राखून लाल पूड भुरभुरलेली असते. डोळ्यांत पाणी येतं, पण ते तिखटाने नव्हे.

भारतातून पाहुणे आले की मी या शहराचा स्वयंघोषित खाद्यगुरू होतो. ब्रांडेनबुर्ग गेट त्यांचं ते बघतात, पोटाचं खातं माझ्याकडे. डोनर कबाबच्या टपरीवर क्रॉयटर, क्नोब्लाउख की शार्फ, म्हणजे पाल्याचा सॉस, लसणाचा की तिखट, असा प्रश्न आला की पाहुण्यांच्या आधी मीच "शार्फ!" म्हणून मोकळा होतो. मग 1961 च्या करारानंतर जर्मनीत आलेले तुर्की कामगार, 1972 साली झू स्टेशनजवळ मांस पावात घालून विकणारे कादिर नुर्मान, सगळं ऐकवतो. डोनर थंड होतो. पाहुणे सोशिक असतात.

पण माझं खरं तीर्थक्षेत्र कांटश्ट्रासवर आहे. तिथे 101 नंबरच्या घरावर हेर्टा हॉयवर यांच्या नावाची पाटी आहे. या बाईंनी 4 सप्टेंबर 1949 रोजी, बर्लिन चार सैन्यांनी वाटून घेतलेलं असताना, आपल्या टपरीवर टोमॅटो, वूस्टर सॉस आणि करी पावडर एकत्र करून तळलेल्या सॉसेजवर ओतलं. हा शार्लोटेनबुर्गचा भाग ब्रिटिशांच्या वाट्याचा, आणि करी पावडर ब्रिटिश सैनिकांकडून मिळाली म्हणतात. झाली करीवुर्स्ट! 1959 साली बाईंनी सॉसचं 'चिलअप' हे नाव नोंदवून घेतलं, पण कृती कुणाला सांगितली नाही. 1999 साली त्या गेल्या, कृतीही गेली. हॅम्बुर्गचे लोक मात्र म्हणतात, हा पदार्थ मुळात आमचा. उवे टिम या लेखकाने 1993 साली तशी कादंबरीच लिहिली. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा भांडतात, त्यात आणि यात फरक एवढाच की इथे सॉसेज आहे. बर्लिनमध्ये तर या सॉसेजचं संग्रहालयही होतं, 2009 पासून 2018 पर्यंत. ते बंद झालं तेव्हा मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं. ज्या पावडरीला आपल्या एकाही स्वयंपाकघरात कुणी ओळखत नाही, ती एका इंग्रज शिपायाने एका जर्मन बाईला दिली, आणि छाती फुगते माझी!

हे सगळं मी पाटीखाली उभं राहून माझ्या शाकाहारी आत्यालाही ऐकवलं. मग टपरीवर नेलं. माणसाने विचारलं, सालीसकट की सालीशिवाय? हा खास बर्लिनचा प्रश्न. त्याने सॉसेजचे तुकडे कागदी ताटलीत टाकले, वर लाल सॉस, त्यावर पिवळी पूड, एक चिमुकला लाकडी काटा. आत्याने पदर नाकाला लावून ताटलीत डोकावून पाहिलं.

"करी म्हणतोस, मग कढीपत्ता कुठाय रे?"

करीवुर्स्टच्या अभ्यासकांनी या अंगाने विचार केल्याचं मला माहीत नाही.

संध्याकाळी तिला भारतीय हॉटेलात न्यावंच लागलं. मी "भारतीय तिखट" म्हणून झालं, हे खरं भारतीय नव्हेच असं दोनदा मोठ्याने सांगून झालं. आत्या ते न ऐकता आचाऱ्याशी बोलत होती. तो नेपाळचा निघाला.

"तुम्ही स्वतः काय जेवता, भाऊ?" तिने तिच्या सांगलीच्या हिंदीत विचारलं.

तो हसला. आतून एका वाटीत गुंद्रुक घेऊन आला, वाळवलेल्या आंबट पाल्याची आमटी, आणि सोबत साधा भात. आत्याने वाटी पुसून खाल्ली. "आणि ह्याला रोज काय देता?" "हे भारतीय तिखटवाले सर ना? यांना वरून पॅप्रिका घालतो. तिखट नसते, पण रंग छान येतो."

अपमान गिळायला वेळ लागला, म्हणून 47 नंबरही मुकाट्याने गिळला. पण तेव्हापासून मला या शहरात दुसरंच काही दिसायला लागलं आहे. इथल्या व्हिएतनामी लोकांचंच घ्या. पूर्व जर्मनीने 1980 च्या करारानुसार व्हिएतनामी कामगार आणले होते. भिंत पडली तेव्हा ते सुमारे 60 हजार होते. कारखाने बंद पडले, थोडे पैसे आणि परतीचं तिकीट हातात ठेवून त्यांना जायला सांगितलं गेलं. जे राहिले त्यांच्यातल्या अनेकांनी फुलं विकली, टपऱ्या टाकल्या. टपरीवर व्हिएतनामी जेवण नसायचं, चिनी नूडल्स असायच्या, कारण गिऱ्हाइकाला तेवढंच ठाऊक होतं. पुढे सुशीचे दिवस आले, तेव्हा त्यांच्यातल्याच कित्येकांनी सुशी वळायला घेतली. लिश्टेनबेर्गच्या डोंग शुआन बाजारात गेलं तर फो, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, मिळतो, बाजूला हिरव्या पाल्याची ताटली येते, आणि आजूबाजूच्या टेबलांवर व्हिएतनामी कुटुंबं जेवत असतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचेच भाऊबंद दिवसभर सॅल्मनचे तुकडे करत असतात. जे आपल्या आईने कधी रांधलं नाही, ते रांधून संसार करायचा, आणि वर माझ्यासारख्याने येऊन विचारायचं, हे असली आहे का?

मला आता त्या 47 नंबरचा राग येत नाही, विचारणाऱ्यांचा येतो. त्यात मीही आलोच, पण मी निदान आता हळू आवाजात विचारतो.

तर बर्लिनला या, आल्यावर कळवा. करीवुर्स्टच्या पाटीपाशी मी नेईनच, त्यातून सुटका नाही. जेवायला मात्र कुठेही जा, भारतीय तिखट मागू नका, आचाऱ्याला तो काय जेवतो ते विचारा. आणि बक्षिशी कार्डावर देऊ नका, रोख त्याच्या हातात द्या.