कुटुंबवत्सल

अण्णा गेले त्या रात्री वर्तमानपत्रात द्यायचा निधनाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. गल्लीत मी एकटाच 'लिहितो', असा एक समज आहे. अशा मजकुराचे पैसे ओळींवर लागतात, म्हणून विशेषणं जपून वापरावी लागतात. मी लिहिलं, 'प्रसिद्ध सायकल व्यावसायिक, सामाजिक कार्यकर्ते, कुटुंबवत्सल...'

काकूंनी तिथंच थांबवलं. "कुटुंबवत्सल म्हणजे काय रे?"

"घरच्यांवर माया असलेले."

"माया होती," काकू म्हणाल्या. "पण चाळीस वर्षांत एकदा गरम जेवले नाहीत. ते कुठं बसवशील यात?"

बसत नव्हतं खरं.

दुकान म्हणजे नारायण पेठेतल्या वाड्याच्या जिन्याखालची जागा. माणूस आणि सायकल एका वेळी आत मावत नसत, म्हणून अण्णा बाहेर फुटपाथवर. दाराशी पाटी : 'पंप मिळणार नाही. हवा मिळेल.' सकाळी आकुर्डी, खडकी, पिंपरीच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची तिथं रांग लागे. पुणं सायकलींचं शहर होतं, तेव्हाची गोष्ट. १९७२ साली लूना आली, त्याच साली चेतक आली आणि रांग हळूहळू आखडत गेली. अण्णांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट इतर कामांना वेळ मिळू लागला. दुकानावर लक्ष ठेवायला मग काकू बसायच्या.

आत छताच्या हुकाला एक जुनी काळी सायकल टांगलेली असे. ती विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, तिच्याबद्दल गिऱ्हाइकानं विचारायचंही नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. अण्णांच्या वडिलांच्या भाड्याच्या बारा सायकली होत्या. गाळ उपसल्यावर तेरा निघाल्या. पुरात माणसांची घरं गेली आणि यांच्याकडे एक सायकल वाढली, याची बापलेकांना लाजच वाटली असावी. त्या तेराव्या सायकलीच्या मालकाची अण्णांनी पुढं जन्मभर वाट पाहिली. दर दिवाळीला ती उतरवायची, पुसायची, तेल द्यायचं, पुन्हा टांगायची. "येईल एखाद्या दिवशी. दुरुस्त पाहिजे ना मिळायला."

अण्णांचं खरं कसब चाकाचा आऊट काढण्यात. सायकल उलटी उभी करायची, चाक जोरात फिरवायचं आणि रिमला जेमतेम लागेल न लागेल असा खडू धरायचा. जिथं खडू उमटला तिथं चाक वाकडं. मग छोट्या पान्यानं एक आरा कसायचा, समोरचा ढिला करायचा. पुढच्या चाकाला ३२ आरे, मागच्याला ४०. एक डोळा मिटून अण्णा त्या फिरत्या चाकाकडे असे बघत की रस्त्यावरची शाळकरी पोरंही आपोआप एक डोळा मिटत.

हाच मिटलेला डोळा त्यांनी गल्लीच्या सेवेला लावला. गणपतीत मंडळाच्या हलत्या देखाव्यातला राक्षस मान हलवायचा, तो अण्णांच्या चेनवर. एका वर्षी फ्रीव्हील उलटं बसलं आणि राक्षस पाच दिवस फक्त नकारार्थी मान हलवत राहिला. देवी त्याचा वध करायला आलेली असल्यामुळे ते शोभलंही.

आणि गल्लीत कुणी गेलं की पहिली हाक अण्णांना. हातातला पाना टाकून ते उठत. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, गोवऱ्या, सगळी यादी तोंडपाठ. तिरडी बांधून झाली की चार पावलं मागं जायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. "डावीकडं आऊट आहे," म्हणत पुन्हा सुतळी सोडायची. माझ्या आजोबांच्या वेळी ऐन रडारडीत मला या वाक्यानं हसू फुटलं होतं. वडिलांनी डोळे वटारले. अण्णा म्हणाले, "हसू दे. आजोबांना वाकडं चालायचं नाही, हे त्याला माहितीय."

थोरल्या मुलीच्या लग्नात मुहूर्त जवळ आला आणि वधूपिता सापडेना. वऱ्हाडाची बस कार्यालयाशी येऊन पंक्चर झाली होती. ड्रायव्हर एकटाच जॅकशी झटत होता, म्हणून हे बसखाली. कन्यादानाचं पाणी सोडताना ओंजळीतून काळं ओघळलं. भटजी मंत्रात गढलेले राहिले. काकू मात्र नव्हत्या राहिल्या, आणि ते पुढं आठ दिवस चाललं.

तर हे सगळं मजकुराच्या सहा ओळींत बसवायचं होतं. शेवटी काकूंनीच 'सामाजिक कार्यकर्ते' खोडलं, 'प्रसिद्ध' खोडलं. कुटुंबवत्सलवर पेन बराच वेळ टेकवून ठेवलं. "असू दे," म्हणाल्या. "पैसे भरलेच आहेत ओळीचे."

सकाळी तिरडी बांधायला आम्ही सातजण होतो. सुतळी कुठून सुरू करायची, यावरच मतभेद. बांबू सरकत होते, गाठी सुटत होत्या. कशीबशी झाली, तेव्हा आम्ही सातही जण नकळत चार पावलं मागं गेलो. डावीकडं आऊट होताच. कुणी काही बोललं नाही. वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत ती तशीच गेली, आणि डाव्या खांद्यांना रस्ताभर जरा जड पडली.

वर्तमानपत्रात अण्णांचं पूर्ण नाव छापून आलं आणि तिथंच घोटाळा झाला. त्या नावाचा माणूस गल्लीत कुणी ओळखतच नव्हतं. त्यामुळे चौदाव्यानंतर एकदा मी काकूंकडे गेलो, तर एक पोरगा सायकल ढकलत दाराशी आला. "अण्णा कुठं गेलेत? पंक्चर आहे."

मी त्याला बाजूला घेऊन सांगणार होतो. तेवढ्यात काकू जिन्याखालून बाहेर आल्या. पदर खोचला, बसायचा पाट ओढून घेतला. दोन पान्यांनी टायर सोडवला, ट्यूब ओढली, घमेल्यातल्या पाण्यात बोटाबोटानं फिरवली. बुडबुडे आले तिथं अंगठा ठेवला. खरकागदानं घासून, सोल्यूशन लावून त्यावर हलकी फुंकर मारली. सगळं मिळून माझा एक चहासुद्धा झाला नव्हता.

"तुम्हाला येतं हे?"

"मग?" वर न बघता काकू म्हणाल्या. "ते तिरड्या बांधायला गेले की इथं काय माशा मारत बसायचे?"

पॅच दाबून त्यांनी पोराला पाटीकडं बोट दाखवलं. "पंप मिळणार नाही. हवा मी भरते."